कोल्ड रूमचं दार

४ मार्च

बिस्किट कंपनीचा माणूस दरवर्षी एक डायरी देऊन जातो. ती मी न उघडता हिच्या हातात द्यायचो. दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, कुणाच्या घरी काय झालं, सगळं ही त्यात लिहायची. ही गेली, आणि यंदाची डायरी दुकानाच्या काउंटरखाली तशीच पडून होती. द्यायला कोणी नाही आणि टाकवतही नाही. शेवटी म्हटलं, आपणच लिहू. अक्षर बरं आहे माझं.

पण सुरुवातीलाच जे लिहायचं आहे ते काही चांगलं नाही. भर दुपारी गल्लीचा फ्यूज पुन्हा उडाला. इकडे माझ्या फ्रिजची घरघर थांबली, तिकडे शेजारच्या शिवणवाल्या ताईंची मशीनं थांबली. ताई तरातरा आल्या. हातात अर्धी शिवलेली बाही, ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "काका, तुमचं लोणी घट्ट राहावं म्हणून आम्ही पोट बांधून बसायचं का?"

मी उलट रागावलो. म्हणालो, फ्यूज काय माझ्या एकट्याच्या नावाने लावलाय का. त्या टाचणी पुन्हा ओठांत धरून परत गेल्या. ही असती तर मागोमाग चहा घेऊन गेली असती आणि प्रकरण मिटवून आली असती.

रोज झोपताना ही विचारायची, "आज कुणाचे आभार मानायचे राहिले?" आज कुणाचेच नाहीत. माफी मात्र राहिली.

९ मार्च

वीज कंपनीचे साहेब येऊन गेले. माणूस सभ्य. दुकानभर फिरले. काचेचे चार फ्रिज, आइस्क्रीमचे फ्रीझर, मागची कोल्ड रूम, दोन एसी, बाहेरची पाटी, सगळं बघितलं. म्हणाले, "काका, दुपारी गल्लीचा निम्मा भार तुम्ही एकटे खेचता. उन्हाळा चढायच्या आत तो कमी करा. नाहीतर दुपारी तुमची लाइन आम्हाला बंद ठेवावी लागेल."

दुपारी लाइन बंद म्हणजे कोल्ड रूम बंद. कोल्ड रूम बंद म्हणजे दूध नासणार. आणि दुधाला येणारं गिऱ्हाईकच साबण, डाळ, चहापत्ती नेतं. दूध गेलं की बाकीचं आपोआप जातं. हे साहेबांना कसं समजवायचं? म्हटलं, "बघतो."

संध्याकाळी मनात आलं, बस झालं, शटर ओढावं आणि वर घरात जाऊन बसावं. पण वर जाऊन करायचं काय?

११ मार्च

ठमीचा फोन आला. ठमी म्हणजे माझी लेक. खरं नाव भारदस्त आहे, पण ते तिच्या ऑफिसात चालतं. ती दुसऱ्या शहरात असते, एकटीच, भाड्याच्या खोलीत. मोठमोठ्या दुकानांची वीज वाचवायची यंत्रणा बसवणारी एक कंपनी आहे, तिथे इंजिनिअर आहे. मी तिला म्हणायचो, आपलं दुकान सोडून लोकांच्या दुकानांत कशाला जातेस? यावरून एकदा बरंच वाजलं. तेव्हापासून तिचा फोन आला की मी म्हणायचो, "थांब, आईला देतो." ती थांबायची आणि मी द्यायचो. वर्षानुवर्षं तेच.

आता द्यायला आई नाही. आता असं होतं :

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो."

"बरं."

आज मात्र ती म्हणाली, "बाबा, फ्यूजचं कळलं." माझ्याकडे काउंटर सांभाळतात त्या मावशींनी चहाडी केली, दुसरं कोण. मी म्हटलं, बघतोय मी काय करायचं ते. ती म्हणाली, "मी येते. बघायलाच तर जाते मी रोज. लोकांच्या दुकानांत जाते, तुमच्याही येईन."

टोमणा होता की नव्हता, विचार करतोय.

१६ मार्च

काल ठमी आली. बरोबर खोकी आणि एक फ्रिजवाला. हा आमच्याच गावचा, कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा, हसतमुख गडी. दोघांनी मिळून दुकान डोक्यावर घेतलं. प्रत्येक फ्रिजमध्ये बोटभर लांबीचा एक सेन्सर, कोल्ड रूमच्या दाराला एक, एसीला एक, आणि भिंतीवर एक पांढरी पेटी. फ्रिजमध्ये किती गारवा, दार किती वेळ उघडं, कुठे किती वीज चालली आहे, हे सगळं त्या पेटीला कळतं. काय चालू, काय बंद हे ती ठरवते.

मी म्हटलं, "बंद करायला मी आहे की. हात आहेत मला."

ठमी शिडीवर होती. वरूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळं एकदम चालू करता आणि मग जमेल ते बंद करता. मुळात एकदम चालूच कशाला व्हायला हवं? लहानपणी आपल्याकडे पाहुणे जमले की आई आंघोळीला पाळी लावायची ना? तसंच. फ्रिजना पाळी लावायची. कोल्ड रूम सकाळीच जास्त गार करून ठेवायची, म्हणजे दुपारी तिला घटकाभर गप्प बसता येतं. फ्रीझरमध्ये साचलेला बर्फ वितळवायचे हीटर पहाटे चालवायचे. एसी दोन अंश वर. कुणाला कळणारही नाही."

पाहुण्यांचं उदाहरण मला पटलं, पण तसं दाखवलं नाही.

एक चूक मात्र तिच्याकडून राहिली. काउंटरमागे माझ्या खुर्चीवरचा पंखा पेटीला जोडायचा राहूनच गेला. दुकानातलं सगळं दुपारी कमी-जास्त होतं आणि तो पंखा तेवढा फिरतच राहतो. मी दाखवून दिलं. म्हणाली, "असू दे तो." एवढी शिकलेली मुलगी आणि कामात अशी ढिलाई. मला जरा वाईट वाटलं.

१७ मार्च

ठमीला बसवर सोडून आलो. बस सुटेपर्यंत ती मला मोबाईलमधलं ॲप समजावत होती. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे बघा. तिच्याही मोबाईलवर हेच सगळं दिसतं म्हणे. मी विचारलं, "तुला कशाला?" म्हणाली, "सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं."

बस गेल्यावर आठवलं, आभार मानायचे राहिले.

२५ मार्च

आज कडाक्याचं ऊन. रस्त्यावर माणूस नाही. जेवणानंतर मी फ्यूज उडायची वाट बघत बसलो होतो, उगाच खोटं कशाला लिहू. यंत्रणा फसली असती तर वाईट वाटलं असतं, पण मी म्हटलं नव्हतं का, असं म्हणता आलं असतं. एक फ्रिज गप्प झाला, दुसरा सुरू झाला. तो थांबला तसा तिसरा. लहान मुलं ओळीने पाणी प्यायला उठावीत तसं. कोल्ड रूम शांत बसली होती. आत जाऊन दुधाच्या पिशव्यांना हात लावून बघितला. गारेगार.

फ्यूज उडाला नाही. भिंतीपलीकडे मशीनं दिवसभर खडखडत होती. तो आवाज इतका गोड वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी मीच ताईंकडे गेलो. आइस्क्रीमचे दोन कप नेले. म्हटलं, "त्या दिवशी मी उगाच आवाज चढवला." त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे, मीच चढवला होता." मग थोडा वेळ कोण जास्त ओरडलं यावर आमचा वाद झाला. निघताना म्हणाल्या, "तुमची मुलगी जाता जाता माझा नंबर घेऊन गेली. गोड आहे हो."

ठमीने ताईंचा नंबर कशाला घेतला असेल? कपडे शिवायचे असतील.

२ एप्रिल

दुपारी दुधाची गाडी आली. क्रेट आत नेताना कोल्ड रूमचं दार उघडं राहिलं. काउंटरवर येऊन बसतो तोच फोन. ठमी.

"बाबा, दार उघडं आहे का?"

"अगं हो, क्रेट लावत होतो."

"मोबाईल वाजला माझा. बरं, लावून घ्या. किती क्रेट आले?"

सांगितलं. मग तिने विचारलं, दूधवाला तोच का तो पूर्वीचा, गाणी म्हणणारा. म्हटलं, तोच, पण आता गात नाही, दात काढलेत. ती हसली. मग बराच वेळ बोललो. गाडीचं, दुधाचं, तिच्या ऑफिसातल्या एका साहेबाचं, जो एसी सोळावर ठेवतो आणि स्वेटर घालून बसतो.

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "आज फार वेळ बोललात." म्हटलं, "कामाचं होतं. दाराचं."

६ एप्रिल

दार पुन्हा उघडं राहिलं. ठमीचा फोन आला.

८ एप्रिल

दार उघडं राहिलं. फोन.

१३ एप्रिल

एक तक्रार लिहून ठेवतो. रात्री नऊ वाजले की दुकानातले दिवे आपोआप मंद व्हायला लागले आहेत. आधी कडेचे, मग मधले. शेवटी काउंटरवरचा एक उरतो. गिऱ्हाईकाला वाटतं, दुकान मिटलं. मग मिटावंच लागतं. पूर्वी मी साडेदहा-अकरापर्यंत सहज बसायचो.

ठमीला विचारलं. म्हणाली, "त्या वेळात विक्री काहीच नसते बाबा, नुसती वीज जळते." मी म्हटलं, दोन दिव्यांची ती कितीशी वीज. म्हणाली, "थेंबे थेंबे."

म्हणीपुढे कुणाचं काय चालणार? वर गेलो. वेळ होता म्हणून भात टाकला. एरवी मी पाव नाहीतर दुकानातलं एखादं पाकीट फोडून भागवतो. गरम भात बऱ्याच दिवसांनी खाल्ला. झोपही लवकर लागली. पण तत्त्व म्हणून तक्रार कायम आहे.

१९ एप्रिल

आज फ्रिजवाल्याला बोलावलं होतं. म्हटलं, कोल्ड रूमचं दार बघ बाबा, सारखं उघडं राहतंय. रबर सैल झालं असेल किंवा बिजागरी उतरली असेल.

त्याने दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा सोडलं. दर वेळी ते हळूच जाऊन चिकटलं. वाकून रबर बघितलं, बिजागरी बघितली.

"काका, दार नव्या नवरीसारखं आहे. काही झालेलं नाही त्याला."

"मग उघडं कसं राहतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली ठेवलेल्या बटाट्याच्या खोक्याकडे बघितलं. मग म्हणाला, "खोकं आडवं आलं की राहतं."

"ते खोकं तिथेच असतं."

"हो का," म्हणाला. हत्यारं आवरली, पैसे नको म्हणाला, आणि जाताना मावशींशी काहीतरी कुजबुजला. दोघं हसले. मला या लोकांचं कळत नाही. पण फुकट येऊन गेला, एवढं त्याचं ऋण.

२८ एप्रिल

गेल्या आठवड्यात दार एकदाही उघडं राहिलं नाही. मीच खोकं उचलून पलीकडे ठेवलं. त्या दोघांचं हसणं मनात राहिलं होतं. वीज वाचवायची म्हणून एवढा खटाटोप केला आणि मीच गारवा बाहेर सोडतो हे काही बरोबर नाही.

चार-पाच दिवस फोनची वेळ झाली की उगाच मोबाईल उलटा-सुलटा करून बघायचो. चार्जिंग असायचं. रेंजही असायची.

आज दुपारी फोन वाजला.

"बाबा, दार अगदी नीट बंद आहे."

"हो. मग?"

"मग काही नाही. बंद आहे एवढं सांगायला केला."

बंद दाराचाही फोन येतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "फ्रीझरही ठीक आहेत." ती म्हणाली, "दिसतंय मला." मग तिने विचारलं, "आईच्या कुंड्यांना पाणी घालता का?" म्हटलं, "घालतो. एक गेली." म्हणाली, "कुठली?" म्हटलं, "पांढऱ्या फुलांची." तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

२३ मे

हे हॉस्पिटलात लिहितो आहे. मावशींनी डायरी आणून दिली. उजवा हात शाबूत, डाव्या मांडीचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन झालं. सळी घातली आहे. बरा आहे.

झालं ते असं. मंगळवारी दुपारी मावशी जेवायला घरी गेल्या होत्या. मी शटर अर्धं ओढलं होतं. दुधाचे क्रेट मागे-पुढे करायचे म्हणून कोल्ड रूममध्ये गेलो. येण्या-जाण्यासाठी दाराला खोकं लावलं. या वेळी खरंच कामासाठी लावलं होतं. आत फरशीवर एक पिशवी फुटून दूध सांडलं होतं, ते दिसलं नाही. पाय सटकला तो थेट आडवा. उठायला गेलो तर डोळ्यांपुढे काजवे. डावा पाय माझा नाहीच, असा पडला होता.

मोबाईल काउंटरवर. हाका मारल्या. शटर अर्धं खाली, त्यात रस्ता सामसूम. भिंतीपलीकडे मशीनं चालू, त्या खडखडाटात माझा आवाज कुणाला जाणार? फरशी बर्फासारखी. थोड्या वेळाने दात वाजायला लागले. मग तेही थांबले आणि मला गुंगी यायला लागली. काउंटरवर मोबाईल वाजत होता. थांबला. पुन्हा वाजला. मनात म्हटलं, ठमे, दार उघडं आहे गं, माहीत आहे मला. पुन्हा वाजला.

आणि मग भिंतीपलीकडची सगळी मशीनं एकदम बंद झाली. मला वाटलं, गेला फ्यूज. इतके दिवस टिकला आणि आज गेला. तेवढ्यात शटर वर गेल्याचा आवाज आला आणि ताई "काका, काका" करत आत आल्या. मागून त्यांच्या दोघी कारागीर बायका. ताईंनी शिवायला आलेली एक जाड रजई माझ्यावर टाकली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. कुणाची रजई होती कोण जाणे. दुधाने पार खराब झाली.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ताई फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या, "आहेत, आहेत, बोलताहेत, तू रडू नकोस." मी म्हटलं, "कोण आहे?" त्या म्हणाल्या, "तुमचं दार राखणारी."

२४ मे

डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर तसेच पडला असतात तर अवघड होतं. कितपत अवघड, ते मी विचारलं नाही.

ठमी त्याच रात्री निघून पहाटे पोचली होती. मी शुद्धीवर आलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला. मी म्हटलं, "चपला बघ." तिने खाली बघितलं आणि रडायलाच लागली.

थोड्या वेळाने मी विचारलं, "ताईंना तूच फोन केलास? दार तर किती वेळा उघडं राहतं. त्याच दिवशी कसं कळलं तुला?"

"बाबा," ती म्हणाली, "तू दार उघडं ठेवतोस तेव्हा मोबाईल हातात घेऊन बसलेला असतोस. दुसरी रिंग होऊ देत नाहीस. मंगळवारी मी तीनदा केला. तीनदा तू उचलला नाहीस. मग मला कळलं, हे ते दार नाही."

मी छताकडे बघत राहिलो. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. फ्रिजवाल्याला ठाऊक, मावशींना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, आणि दार तर मीच उघडत होतो.

आणखी एक. ती मला 'तू' म्हणाली. लहानपणी म्हणायची. मोठी झाल्यावर कधीतरी 'तुम्ही' सुरू झालं. कधी झालं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता हे लक्षात आलं, पण मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने सुधारून घेतलं असतं.

मग बराच वेळ आम्हाला बोलायला विषयच नव्हता. इथे ना फ्रीझर, ना दूध. शेवटी ती वर बघून म्हणाली, "या खोलीचा एसी फारच गार आहे. इथे कुणाला गरज नसताना चालूये." मी म्हटलं, "आणि बाथरूमचा दिवा कालपासून तसाच जळतोय." नर्स आली तेव्हा आम्ही दोघंही छताकडे बोट दाखवून हसत होतो. तिने माझा ताप बघितला.

९ जून

घरी येऊन आठवडा झाला. ठमीने कामावरून सुट्टी घेतली आहे. दिवसा दुकान बघते, रात्री नऊनंतर वर येते. दिवे मंद झाले की माझ्यासारखीच तीही चरफडते. "आज दोन गिऱ्हाइकं परत गेली बाबा." मी म्हटलं, "थेंबे थेंबे." तिला हसू आवरेना. मग तिने कबूल केलं की वीज वगैरे काही नव्हतं, मी वेळेवर जेवावं म्हणून दिवे मंद होत होते. आणि पंखा? "पंखा तुझ्या डोक्यावरचा. तो मी बंद करणार होते का कधी?"

तिच्या कामातली ढिलाई म्हणून मी काय काय मनात आणलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

ताई रोज डोकावतात. नवी रजई भरून द्यायचं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, जिची होती तिला सगळा प्रकार सांगितला, ती म्हणाली, धुऊन वापरेन, माणूस वाचवलेली रजई आहे, नवी कशाला. कोण बाई ती, मी कधी पाहिलेलीही नाही. दुकानात आली तर मला कळणारही नाही. म्हणून आता विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येक बाईशी जरा जास्तच अदबीने बोलतो. मावशी म्हणतात, पडल्यापासून काकांचा स्वभाव निवळला.

वीज कंपनीचे साहेबही येऊन गेले. म्हणाले, सगळा उन्हाळा गल्लीचा फ्यूज एकदाही उडाला नाही, लाइन बंद करायचा प्रश्नच नाही. जाताना आडून आडून विचारलं, हे यंत्र कुठे मिळतं.

झोपताना कुणाकुणाचे आभार राहिले ते मोजायला घेतलं. ताई, त्यांच्या दोघी बायका, मावशी, फ्रिजवाला, डॉक्टर, ती रजईवाली... मोजता मोजता झोप लागली.

३ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. काठीने चालतो. ठमी परत गेली, मग पुन्हा आली. आता निराळाच बेत आहे. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिला लहान दुकानांसाठी हेच काम स्वतः करायचं आहे. फ्रिजवाला तिचा भागीदार. मला वाटलं होतं, मी विरोध करीन. पण केला नाही.

पण अडचण अशी की दुकानदार तिचं ऐकत नाहीत. "पोरगी येते आणि माझ्या फ्रिजला पाळी लावते म्हणजे काय," असं एकाने तोंडावर म्हटलं. काल रात्री ती जेवताना म्हणाली, "बाबा, तू येशील माझ्याबरोबर? तुला काही बोलायचं नाही. नुसता बस."

पूर्वी मी तिला म्हणायचो, आपल्या दुकानात ये. आता ती मला म्हणते, लोकांच्या दुकानात चल. मी म्हटलं, "शर्ट कुठला घालू?"

६ ऑगस्ट

आज गेलो. दुकान माझ्यासारखंच, वर घर आणि खाली फ्रिज. मालक माझ्याच वयाचा, माझ्याच जातीचा हट्टी. सगळे दिवे लख्ख, आणि कोपऱ्यात एक रिकामा फ्रीझर भुतासारखा घुमत होता. ठमी आणि फ्रिजवाला शिडी लावून मोजमापं घेत होते. मालकाने मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि संशयाने दोघांकडे बघत बसला. बोलता बोलता कळलं, त्याचा मुलगा परदेशात असतो. फोन येतो का विचारलं. म्हणाला, "येतो की. सणासुदीला. त्याला तरी कुठे वेळ, आणि बोलायचं तरी काय?"

मी म्हटलं, "ॲप त्याच्याही मोबाईलवर टाकून घ्या."

"त्याला कशाला?"

"सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं."

तो विचारात पडला. चहा संपवला. मग माझ्या काठीकडे बघितलं, शिडीवर चढलेल्या ठमीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा, तुम्ही बसवलंय ना? याने वीज वाचते का?"

"वीजही वाचते," मी म्हणालो.